चुलीमागची जागा

आमचे गुरू घरी यायचे तेव्हा ते आधी कुणाचं कुशल विचारत नसत. गाडीतून उतरले, त्यांच्या पायांवर पाणी घातलं गेलं, की उंबऱ्यातूनच विचारायचे, "ऊटा आयता?" कानडीत याचा अर्थ, जेवण झालं का. उमरग्याकडं सगळेच एकमेकांना असं विचारतात, भर दुपारी आणि सकाळी सात वाजताही. उत्तर 'झालं' असंच द्यायचं असतं. पण आमच्यात जेवणाआधी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पुजायचं आणि मगच घास घ्यायचा. त्यामुळं जेवलात का, असं गुरूंनी विचारलं की पूजा झाली का, हेही त्यात यायचं. मला हे कळायला बराच वेळ लागला.

त्यांना सगळे अज्जा म्हणत. अज्जा म्हणजे आजोबा. ते आठ कोसांवरच्या मठाचे स्वामी होते आणि वयानं अण्णांपेक्षा, म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा, लहानच असतील. पण गादीवर बसलेला माणूस अज्जाच. दरसाल वैशाखात ते दोन दिवस आमच्याकडं उतरायचे.

लिंग अंगठ्याच्या पेराएवढं असतं, काळं, गुळगुळीत, गोलसर. मूल आठ वर्षांचं झालं की गुरू ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, उजव्या कानात मंत्र सांगतात, आणि मग ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतात. मरेपर्यंत ते उतरवायचं नाही. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात, तेव्हा तेच लिंग त्याच्या डाव्या हातात देऊन मूठ मिटतात. मधे कधी हरवलं, तर सापडेपर्यंत किंवा गुरूंनी पुन्हा देईपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. हे सगळं मला दीक्षेच्या दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या पातेल्याकडं बघत होते.

अण्णांचं पेठेत आडतीचं दुकान होतं. करडई, तूर, ज्वारी. सोलापूरहून बाजारभावाच्या तारा यायच्या त्या इंग्रजीत. आमच्याकडं निजामाचं राज्य, शाळा उर्दू, कचेरी उर्दू, आणि गावात इंग्रजी वाचणारी दोनच माणसं. त्यातले एक पोस्टमास्तर. अण्णांना तार वाचून दाखवायच्या आधी त्यांनी ती निम्म्या पेठेला सांगितलेली असायची. मी एकुलती एक. अण्णांनी ठरवलं की तार वाचणारं माणूस घरातच पाहिजे. हैदराबादेत त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या मुली सिस्टर लोकांच्या बोर्डिंगात होत्या. दहाव्या वर्षी मला तिथं घातलं.

आत्या, म्हणजे अण्णांची विधवा बहीण, आमच्याच घरी असायची. ती म्हणाली, "पोरगी तारा वाचंल आन् भाकरी सोलापूरहून मागवंल."

"मागवू की," अण्णा म्हणाले. "रेल्वेनं."

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, माझ्या ट्रंकेत विभूतीचे दोन गोळे ठेवले. तिला वाचता येत नव्हतं. सुट्टीत मी आणलेली पुस्तकं ती रोज पदरानं पुसायची आणि उलटी ठेवायची. ती आत गेली की मी ती सरळ करायचे.

शाळेत नियम होता की दागिने मेट्रनकडं जमा करायचे. लिंगाची डबी चांदीची, त्यामुळं तिला तो दागिना वाटला. मी समजावून सांगायला हवं होतं. ते इंग्रजीत कसं सांगायचं हे मला येत नव्हतं, आणि नंतर यायला लागलं तेव्हा सांगायची वेळ गेली होती. मी लिंग काढून रुमालात बांधलं, रुमाल परकराच्या नाडीला बांधला, आणि रिकामी डबी माझं नाव घातलेल्या पाकिटात तिच्याकडं दिली. सकाळी पांघरुणाखाली पूजा करायचे. पूजा म्हणजे बोट लावायचं. न्हाणीघरात मुली बघतात म्हणून आंघोळीच्या वेळी रुमाल सोडून उशाखाली ठेवायचे. तीन वर्षं असं चाललं.

तेरा वर्षांची असताना एका शनिवारी मी न्हाऊन आले तर गादीवरची चादर, उशीचा अभ्रा आणि रुमाल, सगळं धोब्याच्या गाठोड्यात गेलं होतं. मी मेट्रनच्या दारापर्यंत गेले. आत ती कुणाला तरी मोजे दाखवून रागावत होती. मी परत आले. पुढच्या शनिवारी नुसता रुमाल इस्त्री होऊन आला. घडीही छान घातली होती.

त्या पहिल्या संध्याकाळी मी जेवले. उकडलेला बटाटा, पाव आणि पातळ डाळ. मला वाटलं होतं काहीतरी होईल. घास अडकेल, ताप येईल. बटाटा गार होता, एवढंच. दुसऱ्या दिवशीही जेवले. मग ते लक्षातही राहिनासं झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मेट्रननं परत दिलेली डबी गळ्यात होती. पहिल्याच दिवशी अव्वानं मला न्हाऊ घातलं. पाठ चोळताना तिनं डबी मागं सारली, मग तळहातावर घेतली आणि तशीच धरून राहिली.

"हलकी लागतीय," ती म्हणाली.

तिनं झाकण फिरवलं. आत बघून पुन्हा लावलं. मग उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, कारण साबण राहिला होता.

"कधी?"

"संक्रांतीच्या आधी."

"आन् जेवत होतीस?"

"व्हय."

ती बराच वेळ माझे केस पुसत राहिली. मी म्हटलं, अज्जा येतील तेव्हा त्यांना सांगू या, ते दुसरं देतील. ती म्हणाली, "अज्जा देतील की. आन् आत्या तुजी शाळा उचलून चुलीत घालंल. पैल्यापासून काडी घिऊन बसलीया." मी म्हटलं, सोलापूरला बाजारात मिळतं. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खाली बघितलं. "बाजारात दगड मिळतो," ती म्हणाली. "लिंग गुरूच्या हातनं होतं."

अज्जा चार दिवसांनी येणार होते. ते आले की सोप्यात पाट मांडायचे. पहिल्या पाटावर घरची बाई, मग आत्या, मग मी, समोर अण्णा आणि शेजारची दोनचार माणसं. प्रत्येकानं डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं. अज्जा स्वतः फिरून एकेकाच्या तळहातावर पाण्याची धार धरायचे. मग त्यांचे पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांनी घ्यायचं. तिथं रिकामा हात चालला नसता.

ते यायच्या आदल्या दिवशी अव्वानं मला कोठीच्या खोलीत बोलावलं. तुरीच्या पोत्यांच्या मागं उभी राहून तिनं स्वतःची डबी उघडली, लिंग काढून कपाळाला लावलं आणि माझ्या डबीत ठेवलं. तिच्या हातांना कण्या भरडल्याचा वास येत होता.

"तुमी काय करणार?" मी विचारलं.

"म्या सैपाकात असंन. चुलीमागं कोण बघतंय."

मी ते घेतलं. नको म्हटलं नाही. म्हणायचं माझ्या मनात आलं होतं का, हे मी आठवून बघितलं आहे. आलं नव्हतं. मला हलकं वाटलं आणि भूक लागली.

दुसऱ्या दिवशी अज्जांनी माझ्या तळहातावर धार धरली आणि पुढं गेले. पहिला पाट रिकामा होता. "वहिनी चुलीपाशी हायती," आत्या म्हणाली. "आज सगळं येकटीच करते म्हणत्यात. मला आत येऊ दीनात." अज्जांनी मान हलवली. तीर्थाची वाटी आत पाठवली. ती मीच घेऊन गेले. अव्वानं वाटी घेतली, कपाळाला लावली, परसातल्या बेलाच्या बुंध्याशी ओतली, आणि आत येऊन पुरण ढवळायला लागली.

पुढचे तीन वैशाख असंच झालं. अव्वानं मला पुन्हा कोठीत बोलावलं नाही, त्याची गरज उरली नव्हती. तिचं लिंग माझ्याकडंच राहिलं. तिच्या गळ्यात डबी होती. ती रिकामी असेल असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नाही. शाळेत मी मेट्रनला जाऊन सांगितलं होतं की ही डबी गळ्यात ठेवावी लागेल, आणि ती नुसतं "बरं" म्हणाली होती. दोन वाक्यं लागली. पाठ करून गेले होते.

त्या उन्हाळ्यापासून अव्वा एकभुक्त झाली. पाहुण्यांना आत्या अभिमानानं सांगायची, वहिनीचं व्रत आहे. कसलं व्रत ते आत्यालाही माहीत नव्हतं. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर अव्वा भिंतीकडं तोंड करून बसायची, ताटाला हात लावून थोडं थांबायची, आणि अर्धी भाकरी खायची. सुट्टीला आले की दर वेळी ती मला अधिक बारीक दिसायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरायच्या. अण्णा म्हणायचे, बांगड्या बदलू या. ती म्हणायची, पुढच्या यात्रेत, अणदूरला.

मी सतरा वर्षांची झाले त्या साली सगळीकडं गडबड सुरू झाली. निजामाच्या राज्याचं पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोर्डिंग बंद झालं आणि मी घरी आले. सोलापूरकडच्या नाक्यावर गाड्या अडवत होते. तारा येत नव्हत्या, त्यामुळं माझा काही उपयोगही नव्हता. मी माडीवर बसून तीच तीच पुस्तकं वाचायचे.

ज्वारीची रास झाल्यावर अव्वाला ताप आला. दवाखान्यातले डॉक्टर रोज येऊन लाल औषध देत होते. सोलापूरला न्यावं असं ते म्हणाले आणि नंतर स्वतःच म्हणाले, कसं नेणार. अंगात ताकद नाही, असंही म्हणाले. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ती गेली. मी शेजारी होते. तिनं मला काही सांगितलं नाही. शुद्धीत नव्हती.

मठात माणूस घोड्यावर पाठवला. अज्जा येईपर्यंत दुपार टळणार होती. अण्णा सोप्यात खांबाला टेकून बसले होते. आत्यानं आणि शेजारच्या दोघीजणींनी अव्वाला न्हाऊ घालायला घेतलं. आत्यानं तिच्या गळ्यातली डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"धर. खाली ठिवू नको. न्हाऊन झालं की गळ्यात घालायचीय. अज्जाच्या हातनंच उघडायची."

डबी हलकी नव्हती. मी देवघरात गेले, दार लोटलं आणि झाकण फिरवलं. आत कापूस होता, आणि कापसात एक गजगा. पोरी खेळतात तो, राखाडी, गुळगुळीत. वाजू नये म्हणून कापूस घट्ट भरला होता. गजग्यावर विभूती लावलेली होती, ताजी नव्हे, आजारी पडायच्या आधीची. एका बाजूला रोज बोट लागून तो चकचकीत झाला होता.

बाहेरून पाण्याचा आवाज येत होता. अज्जा ही डबी सगळ्यांसमोर उघडतील आणि तिच्या हातात गजगा निघेल. मग लोक म्हणतील, एवढी देवभोळी बाई आणि हिनं लिंग टाकलं. कुठं टाकलं, कधीपासून टाकलं, आणि गुरूला फसवून जेवत राहिली. ती काही सांगू शकणार नव्हती.

मी माझी डबी उघडून लिंग काढलं आणि तिच्या डबीत ठेवलं. गजगा आणि कापूस माझ्या डबीत घातला. फारतर मिनिटभर लागलं. मला रडू आलं नाही. मी हात धुतले आणि डबी नेऊन दिली.

अव्वाला सोप्यात भिंतीशी बसवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर विभूती, मान पडू नये म्हणून मागून पट्टा. डोळे अर्धे मिटलेले होते आणि ती ताटाला हात लावून थांबल्यासारखी दिसत होती. अज्जा आले. त्या दिवशी त्यांनी उंबऱ्यातून काही विचारलं नाही. त्यांनी मंत्र म्हणत तिची डबी उघडली, लिंग काढलं, दोन बोटांत धरून क्षणभर बघितलं, तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि एकेक बोट मिटवलं. बोटं लगेच मिटत नव्हती. मग रीतीप्रमाणं त्यांनी उजवं पाऊल उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं.

शाळेत असताना मी या रीतीचा विचार करायचे आणि मला लाज वाटायची. वाटायचं, हे कुणाला सांगता येणार नाही. आता ते पाऊल माझ्या समोर होतं. टाचेला भेगा होत्या, भेगांत वाटेची काळी माती होती, अंगठ्याचं नख मोडलेलं होतं. माझ्या मनात एवढंच आलं की गाडी कुठंतरी ओढ्यात रुतली असणार आणि ते उतरून चालले असणार. त्यांनी भार दिला नाही. पाऊल केसांना जेमतेम टेकलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला मळ्यात पुरलं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत, पण दोन दिवस शेजाऱ्यांनीच जेवण आणलं. मी जेवले नाही. उपास म्हणावा असं काही नव्हतं. ताट समोर यायचं, मी बसायचे, आणि हात उचलायचा राहून जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी मात्र प्यायले. वाटेवर गडबड आहे म्हणून अज्जा थांबले होते. ते सोप्यात जपाला बसत आणि येणाऱ्या माणसाला विचारत, "ऊटा आयता?" माणूस म्हणे, "आयतु, अज्जा." ते मला विचारत नव्हते, कारण मी समोरच जात नव्हते.

तिसऱ्या दिवशी घरची चूल पेटवायची होती. सोप्यात पाट मांडायचे, सगळ्यांनी लिंगपूजा करायची, तीर्थ घ्यायचं आणि मग घरचं अन्न. सकाळी आत्या मला म्हणाली, "आता चूल तुजी. तुजी आई काय पाटावर बसायची न्हाय, चुलीपाशीच असायची. तूबी तितंच बस. म्या भाईर बगते."

म्हणजे मला कुणी बाहेर बोलावणार नव्हतं. मी चुलीमागं जाऊन बसले. त्या जागेवरून सोप्यातलं सगळं दिसतं आणि सोप्यातून तिथलं काही दिसत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. भिंत धुरानं काळी होती, पण एका ठिकाणी, बसल्यावर खांदा टेकतो तिथं, तेवढी पुसली गेली होती. मी डाळ शिजत घातली. पाणी किती घालायचं ते माहीत नव्हतं, जास्त घातलं. वांगी चिरली. भाकरी मला येत नव्हती, पीठ तसंच राहिलं.

बाहेर मंत्र सुरू झाले. मी डबी उघडून गजगा डाव्या हातावर घेतला. अव्वानं चार वैशाख इथं बसून हेच केलं असणार. बाकीच्या दिवशीही, भिंतीकडं तोंड करून. मीही करू शकले असते. वैशाखात अज्जा येतील, मी चुलीमागं असेन. पुढं लग्न होईल तिथंही चूल असेल. कुणाला कळणार नाही. हे किती सोपं आहे हे मला दिसत होतं. त्यात अवघड एवढंच की खांदा त्याच जागी टेकत होता.

डाळ उतू गेली. मी ती उतरवली नाही. गजगा डबीत ठेवला, उठले आणि सोप्यात आले. पहिला पाट रिकामा होता. आत्या, अण्णा, शेजारचे दोघे बसले होते. अज्जा अण्णांच्या हातावर धार धरत होते. ते थांबले.

"अज्जा," मी म्हटलं, "माझ्याजवळ लिंग न्हाय."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कधी हरवलं?"

"चार वर्षं झाली. शाळेत."

"चार वर्षं."

"व्हय."

"मग चार वर्षं काय करत होतीस?"

"जेवत होते."

आत्या म्हणाली, "घ्या. इंग्लिस शिकली." मग अण्णांकडं वळून म्हणाली, "वाचा आता तार." अण्णांनी हातावरच्या लिंगावरून नजर काढली नाही. पाणी त्यांच्या मनगटावरून गळत होतं.

अज्जा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गाडीचं चाक बघावं तसं बघत होते. "दर साली म्या तुज्या हातावर धार धरली," ते म्हणाले. "मग ते काय हुतं?"

हे ते विचारतील असं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरं उत्तर माझ्याजवळ होतं. ते सांगितलं असतं तर अव्वा सगळ्यांसमोर उघडी पडली असती. मी म्हटलं, "दगड हुता. बाजारातला."

शेजारचा माणूस "शिव शिव" म्हणाला. अज्जा हलले नाहीत.

"आईला ठावं हुतं?"

"न्हाय."

आतून डाळ करपल्याचा वास आला. अज्जांनी स्वैपाकघराच्या दाराकडं बघितलं, आणि मग रिकाम्या पाटाकडं. "ही बाई पैल्या पाटावर बसायची," ते म्हणाले, कुणाला असं नाही. "चार साल झाली, भाईर आली न्हाय. म्या कधी इचारलं न्हाय. म्हटलं, सैपाकाची घाई आसंल." मग पुन्हा म्हणाले, "इचारायला पायजे हुतं."

त्यांना काय समजलं आणि किती, हे मला आजही सांगता येणार नाही. अव्वाच्या मुठीत त्यांनी जे ठेवलं ते त्यांनी निरखून बघितलं होतं. पुढं त्यांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

त्यांनी मला विचारलं, शेवटचं कधी जेवलीस. मी म्हटलं, अव्वा गेली त्याच्या आदल्या रात्री. आत्यानं मान वर केली. दोन दिवस माझं ताट भरलेलंच परत जात होतं हे तिच्या आत्ता लक्षात आलं असावं. "मग बरं," अज्जा म्हणाले. "उपास झालाच हाय. न्हाऊन ये."

मी न्हाऊन आले. त्यांनी झोळीतून नवं लिंग काढलं. त्यांच्याजवळ दोनतीन असतातच. मला पहिल्या पाटावर बसवलं. आत्या म्हणाली, तो पाट वहिनीचा. अज्जा म्हणाले, "मोकळाच हाय की." त्यांनी माझी डबी मागितली. मी ती त्यांच्या हातात दिली आणि मग आठवलं की आत काय आहे. त्यांनी झाकण उघडलं. गजगा बघितला. बाजारातला दगड होता, असं मी म्हणाले होते. त्यांनी तो कापसासकट माझ्या उजव्या हातात ठेवला आणि डाव्या हातावर नवं लिंग. वाकून कानात मंत्र सांगितला. आठव्या वर्षी ऐकलेला तोच. मला काही वाटलं नाही. लिंग गार होतं.

मग त्यांचे पाय धुतले. मी तीर्थ घेतलं. वाटीत तळाला थोडी माती होती.

जेवायला करपलेली डाळ होती आणि वांग्याची भाजी. भाकरी आत्यानं उठून थापली, माझ्याकडं न बघता. शाळेचं काय, ते त्या दिवशी कुणी काढलं नाही. पावसाळ्यानंतर राज्य बदललं, नाके उठले, आणि बोर्डिंगचं पत्र आलं. अण्णांनी ते माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. शाळा उघडत असल्याचं होतं. ते म्हणाले, "ट्रंकेचं कुलूप बगून घे, गंजलं आसंल."

पण ते नंतर. त्या दुपारी आम्ही ओळीनं बसलो होतो. मी तळहातावरच्या लिंगाला घास दाखवला आणि खाल्ला. भाजीत मीठ नव्हतं. दुसरा घास घेतला, त्यातही नव्हतं. मी ते घालायलाच विसरले होते. अण्णा खाली मान घालून खात होते. अज्जांनी भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मीठ कुणी मागितलं नाही.